मागच्या खोलीचा हक्क

धाकट्या भावाने काल गावच्या घराच्या विक्रीचे कागद माझ्या सहीसाठी आणले, म्हणून हे मृत्युपत्र आजच लिहिणे भाग पडले.

मी, वय शहात्तर, अविवाहित, औषधविक्रेती, पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहिते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असते तर सही कालच झाली असती.

१. गावचे घर. वडिलांच्या वाटणीपत्राप्रमाणे पुढच्या दोन खोल्या भावाच्या; मधली आणि मागची माझी. मागच्या खोलीत एक शिवणकाम करणारी बाई राहते. तिची आजी त्याच खोलीत वाढली. आमच्याकडे त्या आजीला आवाज खाली करून ‘सुईणीची पोर’ म्हणत. पणजोबांचे बाहेरचे प्रकरण, असा त्याचा अर्थ. काल भावाने तेच उगाळले.

“ताई, बाहेरच्या बाईचा वंश किती पिढ्या सांभाळायचा? तिच्या आजीच्या जन्मनोंदीत आईच्या रकान्यात सुईणीचंच नाव आहे. नक्कल तूच आणलीस ना?”

आणली. पणजोबांची माहिती जमवताना मी गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी वाचत होते. आजोबांनी याच ओळीवर बोट ठेवून त्या पोरीला, म्हणजे आपल्याच बहिणीला, वाटणीतून वगळले होते आणि भावानेही तेवढीच ओळ वाचली. मी पुढे वाचले.

तिथला कारकून वैतागला. “बाई, तुमची ओळ मिळाली ना? आता काय अख्ख्या गावाची वंशावळ काढणार?”

“काढीन. पुढचं पान द्या.”

पुढच्या मुलाची आईही तीच सुईण. त्यापुढच्याचीही. कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. “अहो, ही बाई वर्षभर बाळंतच होत होती की काय! आणि दरवेळी बाप निराळा!”

झाले होते ते साधे. जन्माची वर्दी द्यायला सुईणच जाई. नव्या लेखनिकाने वर्दी देणारीचे नाव आईच्या रकान्यात भरले आणि वर्षभर तेच करत राहिला. ज्यांची मुले होती त्यांना वाचता येत नव्हते, त्यामुळे कोणी हटकले नाही. मृत्यूच्या नोंदींत त्या पोरीच्या जन्माच्याच आठवड्यात पणजोबांची पहिली पत्नी आहे. कारण: बाळंतपण. सुईणीने तिची आईविना पोर वाढवली आणि वर बदनामी पदरात घेतली.

म्हणजे मागच्या खोलीतली बाई आजोबांच्या बहिणीची नात, नात्याने माझी आतेबहीण, लग्नाच्या बायकोच्या वंशातली. मधली व मागची खोली मी तिला देते. विकण्या-राखण्याचा अधिकार तिचा एकटीचा. भावाने विचारले, “लोक काय म्हणतील?” इतकी वर्षे म्हणतच आहेत. आता खरे म्हणतील.

२. बँकेतली शिल्लक भावाच्या मुलीच्या शिक्षणाला. लग्नात उडवू नये.

३. पितळी तराजू आणि खलबत्ता दुकान सांभाळणाऱ्या कंपाउंडरला. तराजूला कोणी पॉलिश करू नये, वजन बिघडते.

४. वहिनीने मला ‘मढी उकरणारी’ म्हटले. राग नाही. लोखंडी कपाट मात्र तिने मागू नये; ते कंपाउंडरला.

५. माझे भिंग भावाला. त्याने ते कधीतरी पूर्ण पानावर धरावे.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचले आणि साक्षीदारांसमोर सही केली.

साक्षीदार: समोरचा किराणा दुकानदार (सही), शेजारच्या निवृत्त शिक्षिका (सही).
ठिकाण: औषधांचे दुकान. सोमवार, दुपार.

सुपूर्द केल्याची नोंद: निरोप धाडून बोलावलेल्या आतेबहिणीला, साक्षीदारांसमोर, त्या वर्षाच्या सर्व जन्मनोंदींच्या शिक्क्याच्या नकला, मृत्यूच्या नोंदीची नक्कल आणि मधल्या खोलीची किल्ली दिली. कागद तिने पिशवीत ठेवले. किल्ली घेईना.

“मला मागची पुरते.”

“मधल्या खोलीला दोन खिडक्या आहेत. अंधारात शिवून डोळे घालवू नकोस.”

किल्ली घेतली. मशीन उद्या हलवते म्हणाली.

पोहोच: आतेबहीण (सही).