पिक्चरमधलं लग्न आणि गगनबावड्याचा तानाजी

अहो खलनायक,

चष्मा स्टुडिओत विसरायचात, छत्री रिक्षात. एकदा तर जोतिबाच्या जत्रेत मलाच विसरून घरी आलात! पण अख्खा मुलगा विसरलात? तोही मिशीवाला, पन्नाशीचा?

हसू नका. गेल्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध झालं, आणि टीव्हीवर तुमच्या पिक्चरच्या आठवणी चालल्या होत्या, त्यात गगनबावड्याचा एक माणूस म्हणाला, "ते माझे वडील." झालं! घरातले सगळे फोन एकदम वाजायला लागले. हे तुम्हाला वर दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगायच्या आत मीच सांगते. आपली नात सई लिहितेय. माझं बोलणं जरा शुद्ध करून लिहिते म्हणे. करू दे.

आपला विलास तर पेटलाच. "आई, मानहानीचा दावा ठोकतो. रक्त तपासू दे, मग बघतो त्याला."

मी म्हटलं, "आधी जेवायला बोलाव, मग ठोक."

"आई, त्यो फ्रॉड हाय!"

"मग फ्रॉड काय उपाशी ऱ्हातो व्हय?"

काल आला बिचारा. तानाजी नाव. विलासनं वकिलालाही बोलावून ठेवलं होतं, नोटीस तयार. मी तानाजीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तुमचं नाक नाही, डोळे नाहीत, ती ऐटीची चाल नाही. खरं सांगू? जरा हिरमुसलेच! म्हटलं, एवढ्या वर्षांत तुमचं एक तरी लफडं हाती लागेल!

विलास गुरगुरला, "रक्त द्यायची तयारी हाय का, पावणं?"

"घ्या की. पन जुळवनार कुनाशी? मी माझ्या आईच्या बी पोटचा न्हाय."

वकिलाचा घास हातातच राहिला!

त्याला जन्म देणारी बाळंतपणात गेली. तिच्या बहिणीनं बाळ उचललं. म्हणाली, माझं लगीन झालंय, मालक पिक्चरमधी असत्यात, मी सांभाळते. शाळेत बाप म्हणून तुमचं नाव लावलं. तीच त्याची आई.

"नाव काय रं तिचं?" मी विचारलं.

"गंगू."

अहो, गंगू! आठवली का? गगनबावड्याला शूटिंग होतं. तुम्हाला बाहेरचं जेवण सोसत नाही, म्हणून स्टोव्ह घेऊन मीही आले होते. हिरॉइनला ताप भरला, आणि तुम्ही तिच्याशी जबरीनं लग्न लावायचा सीन तेवढा राहिला. मग गावातली ही पोर पदर पुढं ओढून अंतरपाटापलीकडं उभी केली. नटाऐवजी गावचेच भटजी आणले, तर त्यांनी आठही मंगलाष्टकं म्हणून टाकली! गावानं अक्षता टाकल्या. मीही टाकल्या, हसून हसून. स्वतःच्या नवऱ्याच्या लग्नात!

पिक्चर संपला, आपण कोल्हापूरला आलो. तिचं लग्न मात्र तिथंच राहिलं. मागणी घालायला कुणी आलं की गाव सांगायचं, "हिच्यावर अक्षता पडल्यात." तुम्ही एक साडी दिलीत आणि मोकळे झालात. एकदा जाऊन गावाला सांगायचं नाही, की बाबांनो, ते खोटं होतं? काळे मणी तिनं शेवटपर्यंत काढले नाहीत म्हणे. हौसेनं की नाइलाजानं, आता कुणाला विचारू?

विलास म्हणाला, "मग टीव्हीवर का बोंबललास?"

"त्येंनी इचारलं, तुमचं कोन लागत हुते? काय सांगू, शेजारी?"

मग तो हळूच म्हणाला, "दावा घाला, माझं काय न्हाय. पन तीन दिसांनी लेकीचं लगीन हाय. बाप खोटा ठरला तर पावणं पाठ फिरवतील. तेवढं होईस्तवर थांबा."

वकील म्हणाला, "आजी, कायद्यानं ते लग्नच नव्हतं."

"मंगलाष्टकं आठ झाली वकीलसाहेब. तुमच्या कोर्टात किती होत्यात?"

"म्हंजे बाबांचं नाव आता कुनीबी लावायचं?" विलास ओरडला.

"कुनीबी न्हाय. जिच्यावर माझ्या हातच्या अक्षता पडल्या, तिच्या पोरानं लावायचं. आणि दावा घालायचाच तर पहिला माझ्यावर घाल!"

विलासनं भात कालवला. मग तानाजीकडं न बघता म्हणाला, "लगीन किती वाजता हाय?" आणि नोटीस वकिलाच्या पिशवीत परत गेली! अगदी तुमच्यासारखा हो, आधी डोळे वटारणार, मग विरघळणार.

आता माझा शब्द ऐका. परवा मी गगनबावड्याला जाणार. मांडवात पुढं बसणार. पोरीला कुणी विचारलं, तुझा आजा कोण, तर उत्तर मी देणार, आणि माझा आवाज तुम्हाला वरपर्यंत ऐकू येईल!

तुमची पहिली बायको,
सोनाबाई (अंगठा लावलाय)

सई, आता लिहिणं बास. पोरीचं केळवण आपल्याकडून राहिलंय. विलासला गाडी काढायला सांग. डब्यात पुरणपोळ्या घाल, कटाची आमटी घाल, तूप वेगळं दे, आणि आजीनं पाठवलंय म्हणून सांग.