हळदीचा कोपरा

२२ डिसेंबर, सोमवार. अमरावती

समोरच्या रूथबाई नाताळ झाला की लेकीकडे अकोल्याला जाणार. कायमच्या. म्हणून भेटीची डबी यंदा विकत न आणता स्वतः करायची ठरवली. घरातला जाड कागद एकच, जुनी लग्नपत्रिका. झाकणावर लावायची चांदणी जमली, डबी अडली. झाकण आणि तळ एकाच मापाचे कापले होते! शाळेत संस्कृतच्या वह्यांतला अनुस्वार सोडत नाही मी. ही चूक तासभर दिसली नाही.

शेवटी ज्यांना द्यायची त्यांनाच विचारायला गेलो. त्या चांदण्यांत दोरा ओवत होत्या. "मास्तर, तळ दोन्हीकून सुतभर कमी करा न. एवढे श्लोक शिकवता, हे नाही शिकवलं तुमाले कोनी?"

तिथंच बसून तळ कापला. झाकण बसलं. मग तो कोपरा दिसला. पत्रिकेला लावलेलं हळदीकुंकवाचं बोट तसंच झाकणावर. नाताळच्या डबीवर हे शोभेल का? मी पुन्हा कात्री उचलली.

"काहून कापता? राहू द्या तो कोपरा."

कुतूहल आवरेना. का म्हणून विचारलंच.

"तिकडे अकोल्याले असं बोट लावून पत्रिका मले कोन आनून देईन?"

कात्री ठेवली.

आमच्या लेकीचं, गार्गीचं लग्न अजून ठरायचं आहे. पहिली पत्रिका गणपतीची. दुसरी घेऊन मी अकोल्याला जाणार, एवढं मात्र आज ठरलं.