गॅरेजमधली रिफायनरी

१२ नोव्हेंबर
आजपासून नवं आयुष्य. ऑफिस सोडून दोन महिने झाले. (बायको म्हणते, ऑफिसने मला सोडलं. शब्दांचा खेळ आहे.) आता विश्रांती पुरे. हॉटेलांच्या वाया जाणाऱ्या चरबीपासून बायोडिझेल करायचं. लेख वाचला, व्हिडिओ पाहिले, अवघड काही नाही. चरबी गाळायची, तापवायची, मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळायचं. वर इंधन, खाली ग्लिसरीन. शाळेतल्या पोराला जमेल.
सकाळी मेहुण्याच्या हॉटेलात गेलो. तळणीचं तेल तो शेवटच्या थेंबापर्यंत वापरतो, त्यामुळे ते मिळणार नाही. मात्र भांडी घासायच्या मोरीखाली एक टाकी आहे, तिच्यात खरकट्या पाण्यातली चरबी अडकते. झाकण उघडलं तेव्हा आचारी बाहेर निघून गेला. मेहुणा नाकाला रुमाल लावून म्हणाला, "भावोजी, हवं तेवढं न्या. रोज या." माणसाला दूरचं दिसतं.

१५ नोव्हेंबर
डबा गाडीत लवंडला. थोडासाच. बायकोने शाळेत जायला गाडी काढली आणि लगेच परत आत आली. डिकीत काय मेलंय, असं विचारलं. मी शांतपणे सांगितलं की हा कच्च्या मालाचा वास आहे, सगळ्या रिफायनऱ्यांना येतो. ती बसने गेली. व्यायाम होईल.

२० नोव्हेंबर
माल गाळला. फडकं पुरेना म्हणून उशीचे अभ्रे घेतले. जुनेच वाटले. नंतर कळलं, नवे होते. गाळात भाताची शितं, लिंबाच्या बिया आणि एक चमचा निघाला. चमचा धुऊन मेहुण्याला परत केला. धंद्यात विश्वास महत्त्वाचा.
संकल्प : उद्यापासून सहाला उठणे.

२१ नोव्हेंबर
नऊ. थंडी फार.

२८ नोव्हेंबर
पहिला घाणा. तापवला, ढवळला, झाकून ठेवला. सकाळी पाहतो तर वर-खाली काही नाही, सगळं मिळून एक करड्या रंगाचा गोळा. पळी उभी राहिली. पुस्तकी भाषेत याला साबण झाला म्हणतात. मालात पाणी राहिलं की असं होतं. म्हणजे चूक माझी नाही, पाण्याची. मधली अवस्था म्हणून नोंद केली.
संध्याकाळी बायकोने विषय काढला. तिच्या शाळेतल्या बाईंच्या यजमानांच्या गोदामात हिशेब बघायला माणूस हवा आहे. अर्ज करायला काय हरकत आहे, म्हणाली. मी म्हटलं, दुसरा घाणा होऊ दे. तिने वह्या तपासायला घेतल्या. एकच वही बराच वेळ उघडी होती.

९ डिसेंबर
यश! बाटलीभर स्वच्छ, सोनेरी इंधन!
या वेळी कच्च्या मालाची प्रत सुधारण्यासाठी त्यात घरातलं थोडं गोडेतेल घातलं. मग आणखी थोडं. मग डबाच. मेहुण्याचा माल शेवटी वाटीभर राहिला, पण तत्त्व तेच. तयार इंधन पाण्याने धुताना जरा फेस झाला, दुर्लक्ष केलं.
बायको म्हणाली, दुकानातून तेल आणून त्याचं डिझेल करण्यापेक्षा दुकानाशेजारचा पंप बरा. सुशिक्षित बाई, पण मोठं चित्र दिसत नाही.
सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना बाटली दाखवली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बाटली हातात धरून त्या म्हणाल्या, "छान आहे हो, जावईबापू." घरात दूरदृष्टी फक्त त्यांना आहे.

१७ डिसेंबर
सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन परवाचं ठरलं. डॉक्टरांची तारीख मोठ्या मुश्किलीने मिळाली. बायको म्हणाली, टॅक्सी करू. मी म्हटलं, घरात गाडी असताना? सासूबाईंनी माझी बाजू घेतली. जावई नेतो म्हणतोय तर नेऊ दे गं, म्हणाल्या. ऐकून बरं वाटलं. खूप दिवसांनी कुणीतरी माझ्यावर काहीतरी सोपवलं.

१९ डिसेंबर, पहाट
गाडीच्या टाकीत डिझेल तळाला लागलं होतं. आपलं इंधन भरलं, कुणाला सांगितलं नाही. हॉस्पिटलच्या दारात पोहोचलो की सांगणार. इंजिन सुरू! आवाज गोड.

१९ डिसेंबर, दुपार
पुलाच्या मधोमध बंद पडली. चढावर.
दोष हवेचा. एवढ्या थंडीत कुठलंही इंधन घट्ट होऊ शकतं. मागे हॉर्न, शिव्या. मी चावी फिरवत राहिलो. सासूबाई विचारत होत्या, आलं का हॉस्पिटल? बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "काय घातलंत?" मी सांगितलं.
ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. आईचा हात धरून तिला खाली उतरवलं आणि पुलाच्या कडेकडेने चालायला लागली. सासूबाईंना रस्ता दिसत नाही, त्या प्रत्येक पाऊल चाचपून टाकत होत्या. ट्रक अंगाला घासल्यासारखे जात होते. मी गाडीपाशीच थांबलो. कुणीतरी थांबायला हवं होतं.
त्या पोहोचेपर्यंत नंबर गेला होता. नवी तारीख जानेवारीत.

२१ डिसेंबर
मेकॅनिकने फिल्टर उघडून मला बोलावलं. पांढरा गोळा बोटावर घेऊन विचारलं, "साहेब, लोणी कुठल्या डेअरीचं?" त्याचे मित्र हसले. मीही हसलो. काय करणार?
टाकी, पाइप, पंप, सगळं काढावं लागणार.
बायको अजून बोलत नाही. म्हणजे बोलते, दूध आणा, दार लावा. तिसऱ्या घाण्याचा विचार लांबणीवर. थंडी ओसरू दे.

७ जानेवारी
ऑपरेशन काल झालं. मायलेकी टॅक्सीने गेल्या. मी येतो म्हटलं, तर बायको म्हणाली, नको, तुम्ही घरीच बरे. आज पट्टी निघाली.
दुपारी गॅरेजमध्ये नुसताच बसलो होतो. सासूबाई भिंत न धरता आल्या. काळा चष्मा किंचित वर करून त्यांनी डबे पाहिले, काळी झालेली भांडी पाहिली, अभ्रे पाहिले. मी तयारीत होतो, की यांना प्रक्रिया नीट समजावून सांगू. पण त्या माझ्याकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "केवढे थकलात हो तुम्ही. मला कुणी सांगितलंच नाही."
मी प्रक्रिया सांगितली नाही.

११ जानेवारी
मेहुण्याला फोन केला, म्हटलं, हे सगळं कुठे टाकू? त्याने गाडी पाठवली. टाक्या उपसणारी दोन माणसं आली. त्याच्याकडे आता तीच येतात. डबे उचलायला मी हात लावला. हे कुठे नेता, विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, कारखान्यात. तिथे याचं डिझेल करतात.
मी म्हटलं, असं का.
तो म्हणाला, हो, मोठी मशिनरी लागते. मग त्याने विचारलं, "साहेब, तुम्ही काय करता?"
मी म्हटलं, "काही नाही. नोकरी गेली. घरी असतो."
बायको दारात उभी होती. तिने ऐकलं. गाडी गेल्यावर आत आलो, तर ती माझा निळा शर्ट इस्त्री करत होती. गोदामवाल्यांना अजून माणूस मिळालेला नाही, म्हणाली. मी म्हटलं, बरं. शर्टाला वास येतोय का, असं तिने विचारलं आणि नाकाशी धरून स्वतःच म्हणाली, येतोय.
परत भिजत घातला.