आपोआप स्वच्छ होणारी नगरी

बाई, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावण्यात काही अर्थ नाही, तरी मी रागावून बसले आहे. काल नातीने शाळेतला निबंध वाचून दाखवला, तिच्या स्वप्नातल्या गावाचा. ऐकता ऐकता माझ्या तोंडून तुमच्यासारखाच प्रश्न निघाला, "तिथे झाडतं कोण गं?" ती म्हणाली, "मशीन!" मला हसू आलं, आणि मग हे लिहायला घेतलं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. तुम्ही गिरगावातून परळला आमच्या शाळेत यायचात तेव्हा घसा बसलेला असायचा, सकाळीच प्रभातफेरीत घोषणा देऊन. "आपलं राज्य येतंय मुलींनो, त्यात नगरी कशी हवी त्याची गोष्ट लिहून आणा," म्हणालात, आणि सगळ्या वह्यांतून दोनच गोष्टी वर्गात वाचल्यात. पहिली डॉक्टरांच्या मुलीची. तिच्या नगरीत दिवे कधी विझत नाहीत, कारण तळघरात कोंडलेला एक म्हातारा सतत चाक फिरवत असतो; लोक दर सणाला त्याला पुरणपोळी पाठवतात. दुसरी माझी. माझ्या नगरीत कुणी उपाशी नाही, कुणी कुणावर ओरडत नाही, आणि गटारं, संडास, गल्ल्या सगळं आपोआप स्वच्छ होतं.

"आपोआप म्हणजे कोण?" तुम्ही विचारलंत. मग वर्गाकडे वळलात. "दोन्ही नगऱ्या क्रूरच आहेत, पण हिची जास्त. खाली म्हातारा आहे हे त्या लोकांना निदान ठाऊक आहे. हिच्या लोकांनी विचारलंसुद्धा नाही. घराच्या मागे कधी डोकावली आहेस का गं?" वर्ग हसला.

डोकावले होते, बाई. आठवड्यापूर्वीच. त्या दिवशी हरताळ होता. शाळा बंद, ट्राम बंद, पण म्युनिसिपालिटीच्या झाडूला कसला हरताळ? शाळेत मी आई गिरणीत आहे म्हणून सांगायचे, पण ती झाडूवाली होती आणि तिची नेमणूक गिरगावात होती. वाटेत दगडफेक झाली तर ती एकटी नको म्हणून वडील म्हणाले, "तू बी जा आयेसंगं." काळाचौकीहून आम्ही दोघी चालत गेलो. दोन चाळींच्या पाठींमध्ये माणूसभर रुंदीची घरगल्ली, मैला तिथूनच उचलायचा. मी नाक दाबून गल्लीच्या तोंडाशी उभी, आई आत वाकलेली. पुढच्या रस्त्यावर घोषणा ऐकू येत होत्या. एवढ्यात दुसऱ्या माळ्यावरच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, तुमच्यासारखंच उजव्या मनगटावर घड्याळ असलेला, आणि दोडक्याच्या साली आईच्या डोक्यावर पडल्या. खिडकी लावायला तुम्ही पुढे झालात तेव्हा चेहराही दिसला. खाली मात्र तुम्ही बघितलं नाहीत. आईने केसांतून एकेक साल काढली आणि हसून म्हणाली, "दुसऱ्या माळ्यावर आज दोडका हाय वाटतं." मग माझं तोंड बघून म्हणाली, "दिवाळीला फराळ बी तितूनच टाकतात, कागदात बांधून. चांगली मानसं हायत."

म्हणजे वर्गात तुम्ही ज्यांची तुलना केलीत त्या दोन्ही नगऱ्या तुमच्याच खिडकीखाली नांदत होत्या. दिवाळीला तुम्हाला आई ठाऊक असायची, एरवी नसायची. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण तुम्ही मला फार आवडायचात, आणि आईचं काम वर्गाला कळेल याची लाज त्याहून मोठी होती. वर्गात गोष्ट वाचली त्या संध्याकाळी आईने विचारलं, "बाईंनी वाचली का गं तुजी गोष्ट?" म्हटलं, वाचली, छान म्हणाल्या. तिने तेवढ्यावर शेजारणीकडून गूळ आणून शिरा केला.

पुढे मीही शिक्षिका झाले. सुखी नगऱ्यांची पुस्तकं हाती आली की आधी तळघर शोधायचं, ही खोड तुमचीच. त्याबद्दल उपकार मानते, आणि साली विसरत नाही.

तुमची चाळ आता पाडली, हे पत्र टाकायचं कुठे? आणि खरं सांगते, तुम्ही असतात तरी टाकलं नसतं. 'आपोआप' मी न कळून लिहिलं नव्हतं. त्या नगरीत मला आईला सुट्टी द्यायची होती. पण काल ती गोष्ट पुन्हा आठवून पाहिली. तीत वडील होते, धाकटा भाऊ होता, चौकातल्या शाळेत तुम्हीही शिकवत होतात. आई कुठेच नव्हती.