सरूच्या मनगटातली नळी

बुधवारा, बऱ्हाणपूर
१२ फेब्रुवारी २०२५

गंगाभागीरथी सोजरबाई आक्कांस सरूचा नमस्कार.

आपल्या दोघींना आता गंगाभागीरथी लिहायची पद्धत आहे. सारी जिंदगी तापीच्या पाण्यात गेली, गंगा कोणी दाखवली नाही, तरी लिहिते. तुम्ही नणंद, मी भावजय. मान ठेवायला पाहिजे. फोनच केला असता, पण माझं नाव दिसलं की तुम्ही कट करता. पत्र कट करता येत नाही. तुमच्या धूलकोटच्या बसवाल्याच्या हाती देते आहे. फाडलंत तर तोच मला येऊन सांगेल.

गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? मी महिना झाला दापोऱ्याहून लेकीकडे आहे. दीपाली काही करू देत नाही. "मम्मी, तुम बैठो," एवढंच दिवसभर. बसून बसून माझा केळीचा खांब झाला.

आता कामाचं. तुम्ही दीपालीपाशी निरोप ठेवलात, की देवानं दिलेल्या हातात मशीनची नळी कशाला, विधवा बाईला आता हाताची काय हौस. आक्का, तुमचे पुढचे दोन दात कोणत्या देवानं दिले?

नळीचं नीट समजून घ्या. माझ्या डाव्या मनगटातली नस तुटली आणि दोन टोकं आखडून लांब गेली. कंपाउंडरनं वरची कातडी शिवली, आत पाहिलंच नाही. इंदूरची डॉक्टरीण, भूमिका मॅडम, दीपालीच्याच वयाची आहे. ती म्हणाली, मशीन नळी छापतं. मी विचारलं, पेपरसारखी? म्हणे नाही, थरावर थर. म्हटलं मग कुरडई बोला ना, सोऱ्यातून चीक पडतो आणि फेऱ्यावर फेरा बसतो. ती हसली. अगदी तसंच म्हणे, फक्त हा चीक अंगाला सोसणारा. माझ्या मापाची नळी होणार, नसेची दोन्ही टोकं तिच्यात घालून शिवणार. मग नस आतून वाढत जाते, दिवसाला बाजरीच्या दाण्याहून कमी. नळी हळूहळू अंगातच विरते. नाहीतर पायाची नस काढून जोडायची, पण मग पायाची कड बधिर. गोष्ट नवी आहे, अजून तपासून पाहतायत, हात पुरा येईलच असा शब्द देत नाही, हेही तिनं तोंडावर सांगितलं. पण वर्ष उलटलं तर पंजाचं मांस सुकतं, मग कोणतीच नळी कामाची नाही. सहा महिने तर गेले.

तुम्ही म्हणाल, दोन बोटं बधिर झाली तर काय अडतं. इकडे यायच्या आधी भाकरी उलटताना करंगळी तव्याला चिकटली. मला वास आला, आग झाली नाही. मी आजूबाजूला पाहत होते, कोणाचं काय जळतंय म्हणून.

मळ्यात केळीचा घड उचलला की निसटायचा. कामावरच्या बाया म्हणायच्या, सरुबाई, सावलीत बसा. मी काय सावलीत बसायला जन्मले?

मॅडमनं एक्स-रे काढला आणि विचारलं, काय लागलं होतं. मी म्हटलं, केळीचा विळा. सगळ्यांना तेच सांगत आले, तुम्हीच शिकवलेलं. तिनं एक्स-रेवर बोट ठेवलं.

"मावशी, विळ्याला काच कुठून आली?"

मी मनगट पदराखाली घेतलं. ते पाहून दीपाली रडायला लागली. त्या दिवशी तिला आतल्या खोलीत बसवलं होतं, तिनं काही पाहिलं नव्हतं.

लिहूनच टाकते. तुमचा भाऊ भिकन गेला आणि मला अंगणात बसवलं. बाया म्हणत होत्या, बांगड्या काढून घ्या, फोडायच्या कशाला. तुम्ही म्हणालात, माझ्या फोडल्या तेव्हा कोणी आडवं आलं नाही. मी हात ओढला, हे खरं. तुम्ही धरून ठेवला आणि दगड मारला, हेही खरं. रक्त आलं तेव्हा तुमचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा होता. "विळा लागला म्हणून सांग, सरू." एवढं बोललात, मग सहा महिने एक शब्द नाही.

राग आला नाही असं लिहिणार नाही. खूप आला. तुमचा भाऊ गेला होता, हेही मला माहीत आहे.

ऑपरेशनच्या फारमात मी कारण बदलून घेतलं. बांगड्या फोडताना काच घुसली. कोणाचं नाव नाही, पण विळ्याचंही नाही. दापोऱ्यात गेल्यावरही हेच सांगणार. ज्याला तोंड वाकडं करायचं त्यानं करावं. माझा हात येवो न येवो, आपल्या घरातल्या कोणा बाईचा हात असा पुन्हा धरू देणार नाही.

खाली नातेवाइकाच्या सहीची जागा आहे. दीपाली पेन घेऊन उभी होती, मीच थांबवलं. ती जागा तुमची. रविवारी इकडे या, सोमवारी सकाळी इंदूरला निघायचं. अंगठाही चालतो, लाजू नका. नाही आलात तर दीपाली सही करेल, ऑपरेशन थांबणार नाही. पण सुई टोचेपर्यंत उजवा हात कोणीतरी धरला पाहिजे, आणि तुमची पकड मला माहीत आहे.

या वेळी ओढून घेणार नाही,
तुमची भावजय
सरू