ढोलाचं नाव घेऊ नकोस

आये, त्या ढोलानं माझं काही बिघडवलं नव्हतं. काही म्हणजे काही नाही. आणि तू खोपीत सगळ्या बायांच्या देखत, माझं लुगडं अजून ओलं असताना म्हणालीस, "ल्हानपनी पोटाला ढोल बांधून बडवलास, त्याचंच हाय हे." सतरा वर्षांची होते मी. पहिलं लेकरू सातव्या महिन्यात गेलं, उसाच्या फडात, डोक्यावर मोळी असताना. मोळी सगळ्यांनी बघितली होती. तुला मात्र शाळेतला ढोल दिसला, तोही सहा वर्षांपूर्वीचा. तू जाऊन बारा वर्षं झाली, पण तुझं ते बोलणं काही गेलं नाही. आता ते माझ्या पोरीच्या आडवं आलंय, म्हणून तिच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायला बसले. अक्षर वाकडं आहे. पाचवी पास झाले आणि सहावी अर्ध्यात सोडली, ती कुणामुळं ते तुला माहीत आहे.

शाळेच्या बँडमध्ये गुरुजींनी मला आधी खुळखुळा दिला होता. मग ढोल वाजवणारा पोरगा तापानं पडला आणि गुरुजी म्हणाले, "ढोल उचलंल असं कोन हाय?" मी हात वर केला. उसाच्या वाढ्याचे, शेंड्याच्या पाल्याचे भारे उचलणारी मी, मला ढोल काय जड? गुरुजी म्हणाले, "ही बैल बी उचलंल." सगळी हसली, मीही हसले आणि पट्टा गळ्यात घातला. पहिला ठोका मारला तशी शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. सगळी पोरं माझ्या ठोक्यावर पाय टाकायला लागली. गुरुजीसुद्धा. घरात पाणी भर, शेण काढ म्हणून मला हाका मारायचे, पण माझ्या तालावर कुणी चालावं असं तोवर कधी झालं नव्हतं. नंतरही झालं नाही.

चौथ्या दिवशी तू येतेस. हाताला शेण तसंच, पदर खोचलेला, मैदानात शिरतेस आणि माझ्या गळ्यातला पट्टा ओढून काढतेस. "पोरीच्या जातीनं पोटावर ढोल बांधायचा? पिशवी उतरंल तिची. मंग कोन नांदवंल?" गुरुजी म्हणतात, "अहो बाई, हे कुनी सांगितलं तुमाला?" तू म्हणतेस, "सांगाया कोन कशाला पायजे? तिला खुळखुळाच द्या. तेवढा बास हाय." पोरं फिदीफिदी हसली. पंधरा ऑगस्टला मी शेवटच्या रांगेत उभी राहून खुळखुळा हलवला. त्याचा आवाज माझा मलाच येत नव्हता.

आणि त्याच दसऱ्यानंतर आपण ऊस तोडायला कोयत्यावर गेलो. तुला आठवा महिना. मी खाली उभी राहून बघतेय, तू ट्रकला लावलेल्या फळीवरून चढतेस. डोक्यावर मोळी, पोट पुढं, फळी खाली-वर होतेय. आठ दिवसांनी तुझं लेकरू मेलेलंच आलं. बापानं बांधाच्या कडेला पुरलं आणि तिसऱ्या दिवशी तू परत फडात. तुझ्या पोटाला तर कुणी ढोल बांधला नव्हता, आये. मग?

आता मी कोयत्याला जात नाही. शाळेत खिचडी शिजवते. पोरगी त्याच शाळेत आठवीला आहे आणि बँडमध्ये तिच्या हातात काय आहे माहीत आहे? खुळखुळा. मागच्या आठवड्यात बँडच्या बाई स्वयंपाकाच्या खोलीत आल्या. "मावशी, तुमची मुलगी ढोल मागतेय. दणकट आहे, ताल पक्का आहे. परवानगीच्या या चिठ्ठीवर सही करा, म्हणजे झालं." घरी चिठ्ठी दाखवली तर मालक म्हणाले, "तुझीच आई म्हनायची ना? आन् झालं बी तसंच." मी म्हटलं, "मंग मोळीचं बी नाव घ्या." त्यांनी भाकरीचं ताट पुढं ओढलं. पोरगी मध्येच म्हणाली, "आजीनं कधी ढोल वाजवला हुता का गं?" काय सांगू तिला?

मला काय वाटतं ते तोंडावर सांगते. मोळीला दोष दिला असतास तर दुसऱ्या दिवशी तीच मोळी उचलायची होती. मुकादमाला बोलायची सोय नव्हती, बापालाही नाही. ढोल बिचारा शाळेच्या खोलीत खिळ्याला टांगलेला, तो काय उलट बोलणार? मग त्याच्यावर घातलंस. त्याच्यावर आणि माझ्यावर. का खरंच भ्यायली होतीस? तसं असेल तर तसं सांग. पण माझं लेकरू माझ्यामुळं गेलं असं परत म्हणू नकोस. त्याच्यानंतर मी तीन जन्माला घातली. दोन पोरं, आणि ही.

एवढी बोलतेय, पण चिठ्ठी आठ दिवस पिठाच्या डब्याखाली आहे. पोरीला सांगितलं, पेन सापडत नाही. पेन हातातच आहे, त्यानंच लिहितेय. सही करायला घेतली की तुझी ती खोप आठवते आणि हात मागं येतो.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, वहीतच राहील. बुधवारी सर्वपित्री आहे. पत्र्यावर तुझ्यासाठी खीर आणि गवारीची भाजी ठेवते. कावळा शिवला तर मी समजेन, मोळीच होती. नाही शिवला तरी मोळीच समजेन. पण मला ते तुझ्या तोंडून ऐकायला पाहिजे. सपनात ये, कशीही ये. गुरुवारी सकाळी बाई चिठ्ठी मागणार आहेत. बुधवारी दिवस मावळायच्या आत सांग.