हिरवी वायर

दि. ९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही आहोत. तुझा गुडघा कसा आहे? त्या दिवसानंतर तू फिरकला नाहीस. कामात असशील.

हे रोज सभागृहाच्या कचेरीत जाऊन बसतात. तिथल्या वायरमनला कामावरून काढलं, तरी यांचं समाधान नाही. "त्याला आत घातल्याशिवाय घास उतरायचा नाही," म्हणतात. परवा त्याची बायको दारात आली होती. "ताई, आमच्यांनी सगळं तपासलं होतं हो!" मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

तुला ठाऊक आहे, माझ्याच्याने काही टाकवत नाही. इस्त्रीचा प्लग जळला, म्हणून लेकाच्या अॅम्प्लिफायरचा काढायला घेतला. पोलिसांनी ती पेटी वरवर पाहून परत दिली होती. आता कुणाला लागणार ती?

प्लग उघडला. आत अर्थिंगची हिरवी वायर कापलेली. टोकाला टेप, आणि टेपचं टोक दुमडलेलं, पुढच्याला सोडवायला सोपं जावं म्हणून. अशी घडी घालणारा मला एकच माणूस माहीत आहे.

गिटार जोडली की पेटी घूं घूं करायची. तूच म्हणालास, गिटारच्या पोटात तांब्याचा पत्रा बसवायला हवा, वायरिंग नव्याने करायला हवं. पण कार्यक्रम दुसऱ्या दिवशी. मग तू बघता बघता आवाज बंद केलास. कसा, ते आता प्लग उघडल्यावर कळलं. "मामाने भूत उतरवलं!" म्हणत तो घरभर नाचला. "आई, आता तुझा मिक्सरच जास्त बोंबलतो." मी देवाला हात जोडले. तुझ्यासाठीही.

दुसऱ्या दिवशी त्याचा एक हात तारांवर होता. दुसऱ्याने त्याने माइक धरला, आणि जो करंट त्या हिरव्या वायरीने जमिनीत जायचा तो त्याच्यातून गेला.

यांना अजून बोलले नाही. देवापुढे बसते, पण काय मागावं तेच सुचत नाही. तुला शिव्याशाप द्यावेत, तर तू माझ्या कडेवर वाढलेला. माझं तर सगळं संपलं. दारात आलेल्या त्या बाईचं अजून संपलेलं नाही.

प्लग इस्त्रीला लावला नाही. देवाच्या कपाटात ठेवला आहे. रविवारी ये, यांच्यासमोर स्वतःच्या हाताने उघड. नाही आलास तर सोमवारी मी तो कचेरीत नेईन. टेप कुणी गुंडाळली असं विचारलं, तर खोटं बोलणार नाही.

आलास तर जेवायला थांब म्हणणार नाही. तेवढं मात्र माझ्याकडून मागू नकोस.

अजून तरी तुझीच,
ताई